नाव काय तुझं? आदन ने?

मुलांनो, आधी थोडं हसून घ्या, मग पुढं वाचा.

तुर्की भाषेत सहाला म्हणतात ‘आल्ती’. आमच्या चाकूरकडं कुणी ‘काल मावशी आल्ती’ असं म्हणालं, तर त्याचा अर्थ मावशी आली होती. सातला म्हणतात ‘येदी’. हा शब्द माझ्या मुलीनं पहिल्यांदा ऐकला, तेव्हा ती पोट धरधरून हसली. मग सबंध दिवस चुलतबहिणीला ‘येदी, येदी’ करत होती, आणि मी रागावले की म्हणायची, “अगं आई, मी तर सात म्हणले!” पाचला म्हणतात ‘बेश’. जेवण छान झालं की आपण ‘बेस झालं’ म्हणतो ना, तसंच ऐकायला येतं. आणि पाण्याला म्हणतात ‘सु’. आता मात्र फार हसू नका हं! तुर्कस्तानात पाहुण्यानं ‘सु’ मागितली, तर घरची माणसं त्याला पेला भरून पाणी देतात, मोरीकडं बोट दाखवत नाहीत.

लातूर-नांदेड रस्त्यावरचं आमचं चाकूर कुठं आणि तुर्कस्तान कुठं! मग ही भाषा आमच्या स्वयंपाकघरात शिरली कशी? ती गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही.

६ फेब्रुवारी २०२३, सोमवार. संध्याकाळी मी भाकरी थापत होते आणि बाहेर टीव्हीवर बातम्या चालू होत्या. त्या दिवशी पहाटे, तिथल्या घड्याळात ४ वाजून १७ मिनिटांनी, दक्षिण तुर्कस्तानात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला होता. दुपारी पुन्हा दुसरा, तोही जवळजवळ तेवढाच मोठा. गावंच्या गावं, शहरंच्या शहरं कोसळली होती. गेलेल्या माणसांचा आकडा दर तासाला वाढत होता. पुढं कळलं की एकट्या तुर्कस्तानात ५० हजारांहून जास्त माणसं गेली, आणि शेजारच्या सीरियातही हजारो.

माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “आई, टीव्हीवाले नुसते आकडेच सांगलालेत. त्या लोकांची नावं कामून सांगनात?”

माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. मला एक वर्ग आठवला, एक शेवटचा बाक आठवला, आणि त्या बाकावर बसलेली एक मुलगी.

किल्लारीची

३० सप्टेंबर १९९३. तुमच्या आईबाबांना ही तारीख विचारून पाहा. लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) या जिल्ह्यांत लोक गणपती बोळवून दमून झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, अशी घरं झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसं गेली. चाकूरला आमच्या फळीवरची भांडी खणाखण खाली पडली, पत्रे वाजले, आणि आम्ही सगळे अंगणात धावलो. त्यानंतर कितीतरी रात्री आम्ही बाहेरच झोपत होतो.

मी तेव्हा पाचवीत होते. दिवाळीनंतर आमच्या वर्गात एक नवी मुलगी आली. तिचे आईवडील आणि भाऊ त्या पहाटे गेले होते. ती मामांकडं राहायला आली होती. गुरुजींनी तिला शेवटच्या बाकावर बसवलं आणि आम्हांला दटावलं, “तिला काही विचारायचं नाही. रडेल ती.”

आम्ही खरंच काही विचारलं नाही. नावसुद्धा विचारलं नाही! मधल्या सुट्टीत आम्ही लंगडी खेळायचो, सागरगोटे खेळायचो, आणि ती भिंतीला टेकून बघत उभी राहायची. आपसांत बोलताना आम्ही तिला म्हणायचो ‘किल्लारीची’. ती किल्लारीची नव्हतीच, शेजारच्या एका खेड्यातली होती. पण आम्हांला एकच नाव ठाऊक, तेच तिला चिकटवलं.

तिचं खरं नाव फक्त हजेरीत ऐकू यायचं. आपल्याकडं हजेरीत मुलाचं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव, असं पूर्ण नाव घेतात. गुरुजी ते वाचायचे, मधलं नाव आलं की ती मान खाली घालायची, आणि ‘हजर’ हा शब्द इतका हळू म्हणायची की गुरुजींना पुन्हा विचारावं लागायचं. दीड वर्षानं तिचे मामा लातूरला राहायला गेले आणि तीही गेली. दीड वर्षात मी तिच्याशी किती वेळा बोलले असेन? बोटांवर मोजण्याइतक्या.

आम्ही दुष्ट नव्हतो हो. आमच्याजवळ शब्द नव्हते. काय बोलावं ते कळत नव्हतं, म्हणून गप्प राहिलो.

हे सगळं मी मुलीला सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “मग आपण शिकू ना त्यांची नावं.” आम्ही एक कोरी वही काढली. मोबाइलवर तुर्की उच्चार ऐकायची सोय असते. रोज जेवण झालं की दहा शब्द ऐकायचे आणि देवनागरीत लिहायचे, असा नेम सुरू झाला. (काही तुर्की उच्चार आपल्या अक्षरांत नीट बसत नाहीत. जे जवळचं वाटलं, ते आम्ही लिहिलं.)

वहीतलं पहिलं वाक्य होतं ‘आदन ने?’ म्हणजे ‘तुझं नाव काय?’ ‘आद’ म्हणजे नाव आणि ‘ने’ म्हणजे काय.

नावांची ओळख

तुर्की नावं परकी वाटतील, असं आम्हांला वाटलं होतं. पण पहिल्याच पानावर ओळखीचे लोक भेटले. तिथली ‘आयशे’ म्हणजे आपल्या गल्लीतली आयेशा, ‘फात्मा’ म्हणजे फातिमा, ‘झेनेप’ म्हणजे झैनब, ‘मेहमेत’ म्हणजे महंमद आणि ‘ओमेर’ म्हणजे उमर. तिथला ‘ओस्मान’ म्हणजे आपला उस्मान. ज्या निजामाच्या नावावरून उस्मानाबाद हे नाव पडलं होतं, त्याचं नाव हेच, मीर उस्मान अली खान.

पुढची नावं तर आणखी जवळची निघाली. आपण मुलाचं नाव सागर ठेवतो, ते ठेवतात ‘देनिझ’. देनिझ म्हणजे समुद्र. आपली तारा, त्यांची ‘यिल्दिझ’. आपली वर्षा, त्यांची ‘याऽमुर’, म्हणजे पाऊस. आपल्याकडं आशा मुलीचं नाव, त्यांच्याकडं ‘उमुत’, म्हणजे आशा, हे बहुधा मुलाचं नाव. ‘बारिश’ नावाचा मुलगा भेटला तर मात्र छत्री उघडू नका! तुर्की भाषेत बारिश म्हणजे शांतता.

‘जान’ हे नाव तर गमतीचं आहे. जान म्हणजे जीव, आपण ‘जिवात जान आली’ म्हणतो तीच. पण तुर्की लोक ते इंग्रजी सी, ए आणि एन या अक्षरांनी लिहितात. माझ्या मुलीनं ते ‘कॅन’ असं वाचलं. तुर्की लिपीत सीचा उच्चार ‘ज’ होतो. पूर्वी तुर्की भाषा अरबी अक्षरांत लिहीत असत. १९२८ साली मुस्तफा केमाल यांनी ती बदलून रोमन अक्षरं आणली. एकदा अक्षरांचे उच्चार कळले की जसं लिहिलं तसं वाचायचं, आपल्या मराठीसारखं. इंग्रजी स्पेलिंगची कटकट नाही.

आणि आडनावं? १९३४ सालापर्यंत बहुतेक तुर्की लोकांना आपल्यासारखी कायम आडनावंच नव्हती. अमक्याचा मुलगा तमका, अशी ओळख असे. त्या साली कायदा झाला आणि प्रत्येक कुटुंबानं आडनाव घेतलं. मुस्तफा केमाल यांना तिथल्या संसदेनं ‘आतातुर्क’ हे आडनाव दिलं, म्हणजे तुर्कांचा पिता. कुणी ‘काया’ घेतलं, म्हणजे खडक. कुणी ‘देमिर’ घेतलं, म्हणजे लोखंड. काहींची आडनावं धंद्यावरून आहेत. ‘देमिर्जी’ म्हणजे लोहार, ‘तेर्झी’ म्हणजे शिंपी, ‘चोबान’ म्हणजे मेंढपाळ.

‘देमिर्जी’मधला शेवटचा ‘जी’ पाहिलात? काम करणाऱ्याला लावायचा हा तुर्की प्रत्यय कधी ‘जी’ होतो, कधी ‘ची’. ‘तोपची’ आणि ‘मशालची’ या शब्दांतला ‘ची’ तोच! ‘तोप’ म्हणजे तोफ, हा शब्दही तुर्कीच. तुर्की मुलं मात्र चेंडूलाही ‘तोप’च म्हणतात. दोन्ही गोलच की!

नावापुढं मान द्यायची रीत बघा. आपण माधवराव म्हणतो, ते म्हणतात ‘अहमेत बेय’. आपण सुमनबाई म्हणतो, ते म्हणतात ‘आयशे हानम’. आपल्याकडची ‘बेग’ आणि ‘बेगम’ ही ‘बेय’चीच भावंडं आहेत आणि ‘हानम’ची बहीण म्हणजे ‘खानम’.

शब्द आले कसे?

हे सगळं सारखं कसं? दख्खनमध्ये बहमनी काळापासून इराणी आणि तुर्की सरदार, सैनिक, कारागीर येत राहिले. आमच्या जिल्ह्यातले औसा आणि उदगीर हे किल्ले त्या काळाचे साक्षीदार आहेत. माझे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले होते, कारण १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. ‘उर्दू’ हा शब्दसुद्धा मुळात तुर्कीच आहे. तिकडं आजही ‘ओर्दु’ म्हणजे सैन्य.

काही शब्द अरबी-फारसीतून त्यांच्याकडंही गेले आणि आपल्याकडंही आले. किताब म्हणजे ‘किताप’, कलम म्हणजे ‘कालेम’, दुकान म्हणजे ‘दुक्कान’, साबण म्हणजे ‘साबुन’, हवा म्हणजे ‘हावा’. ‘पाझार’ म्हणजे बाजार आणि रविवारसुद्धा! काही शब्दांनी मात्र अर्थ बदलला आहे. हिंदी सिनेमातला ‘दिल’ म्हणजे हृदय, पण तुर्की ‘दिल’ म्हणजे जीभ आणि भाषा. आपण ‘तमाम जनता’ म्हणतो, ते ‘तामाम’ म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ ‘बरं, ठीक आहे’ असा असतो.

आणि काही शब्द इथून निघून तिकडं गेले. संस्कृतमधलं ‘नीलोत्पल’, म्हणजे निळं कमळ. इराणात गेलं आणि ‘निलुफर’ झालं, पुढं तुर्की झालं आणि ‘निल्युफेर’. १९३१ साली तुर्की राजघराण्यातल्या दोन मुलींची लग्नं हैदराबादच्या निजामाच्या दोन मुलांशी झाली. थोरली सून दुर्रुशेहवार आणि धाकटी निलोफर. हैदराबादचा आयाबाळांचा निलोफर दवाखाना या धाकट्या सुनेच्या नावाचा. इथून गेलेलं कमळ असं फिरून माघारी आलं!

मुलीला सगळ्यात आवडली ती नाती. इंग्रजीत काका काय आणि मामा काय, सगळे अंकल. तुर्की भाषेत तसं नाही. काका म्हणजे ‘आमजा’, मामा म्हणजे ‘दायी’, आत्या म्हणजे ‘हाला’ आणि मावशी म्हणजे ‘तेयझे’. ताई म्हणजे ‘आब्ला’ आणि दादा म्हणजे ‘आबी’. आई म्हणजे ‘आन्ने’. आणि बाबा? बाबा म्हणजे बाबाच!

काळ्या दिवसाचा दोस्त

त्याच आठवड्यात भारतानं तुर्कस्तानला मदत पाठवली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची पथकं गेली. लष्कराच्या डॉक्टरांनी इस्केंदेरुन शहरात दवाखाना उभा केला. नूरदाऽ नावाच्या गावात आपल्या जवानांनी ढिगाऱ्याखालून एका लहान मुलीला जिवंत बाहेर काढलं. या मोहिमेचं नाव होतं ‘ऑपरेशन दोस्त’. नाव मुद्दाम निवडलेलं होतं, कारण ‘दोस्त’ हा शब्द तुर्की भाषेतही दोस्तच. त्यांच्यात एक म्हण आहे. तिचा अर्थ असा, की दोस्त काळ्या दिवशी कळतो. त्या म्हणीत काळ्याला शब्द आहे ‘कारा’. काळा समुद्र म्हणजे ‘कारादेनिझ’.

भूकंपाला तुर्की शब्द आहे ‘देप्रेम’. मुलगी म्हणाली, “आई, यात तर प्रेम आहे.” मी म्हटलं, “नाही गं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.” पण तिनं वहीत ‘प्रेम’ खाली रेघ ओढून ठेवली आहे.

त्या वहीचं शेवटचं पान मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुर्की भाषेत रोजच्या प्रसंगासाठी ठरलेली वाक्यं आहेत. कुणी काम करताना दिसलं, मग तो शेतात असो, दुकानात असो की अभ्यास करत असो, जाता जाता म्हणायचं ‘कोलाय गेल्सिन’, म्हणजे काम सोपं जावो. स्वयंपाक आवडला की करणाऱ्याला म्हणायचं ‘एलिने साऽलक’, म्हणजे तुझ्या हाताला आरोग्य लाभो. (हे वाक्य आमच्या घरात रोज म्हटलं जावं, अशी माझी फार इच्छा आहे!) जाणाऱ्याला निरोप देताना म्हणायचं ‘ग्युले ग्युले’, म्हणजे हसत हसत जा.

आणि कुणी आजारी असलं, कुणाला अपघात झाला, कुणावर संकट आलं, तर म्हणायचं ‘गेच्मिश ओल्सुन’. म्हणजे हे सरून गेलेलं असो. बस्स, एवढंच. मोठं काही सांगायचं नाही, रडू नकोस म्हणायचं नाही, काय झालं कसं झालं विचारायचं नाही. लहान मुलालाही म्हणता येईल, असं दोन शब्दांचं वाक्य.

पाचवीत असताना मला हे दोन शब्द हवे होते.

एका लग्नात

त्याच वर्षी उन्हाळ्यात लातूरला एका लग्नात ती मला भेटली. शेवटच्या बाकावरची. तीस वर्षं झाली होती, तरी मी ओळखलं. जेवणाच्या पंगतीत आम्ही शेजारी बसलो. मुलांबाळांच्या गोष्टी झाल्या. मी सांगितलं की लेकीबरोबर तुर्की शिकते आहे.

“तुर्की? आन् कामून गं?” ती हसली.

मी कारण सांगितलं. भूकंप, टीव्ही, लेकीचा प्रश्न, सगळंच. मग धीर करून म्हटलं, “तेव्हा आम्ही तुझ्याशी नीट बोललोच नाही. चुकलं आमचं.”

ती पानातला भात कालवत राहिली. मग म्हणाली, “तुमाला माझं नाव तरी ठाऊक होतं का?”

मला ठाऊक होतं. मी हजेरीतल्यासारखं पूर्ण नाव घेतलं. आधी तिचं, मग वडिलांचं, मग तिचं माहेरचं आडनाव. तिचा हात थांबला. आता तिच्या नावापुढं नवऱ्याचं नाव लागतं, कागदोपत्रीही तेच. ती म्हणाली, “बाबाचं नाव माझ्या नावाला लावून किती वर्षांनी ऐकलं बघ.” डोळे भरले होते, पण ती रडली नाही. गुरुजींचा अंदाज चुकला होता.

मी तिला ‘गेच्मिश ओल्सुन’ म्हणाले आणि अर्थ सांगितला. तिनं तो शब्द दोनदा म्हणून पाहिला, दोन्ही वेळा चुकवला, आणि मग आम्ही दोघी हसलो.

मुलांनो, तिचं नाव मी इथं लिहिलेलं नाही. ते तिचं आहे आणि कुणाला सांगायचं ते तिनं ठरवायचं. तुमच्या वर्गात मात्र या वर्षी कुणी नवं येईल. कुणाचे वडील बदली होऊन आलेले असतील, कुणी ऊसतोडीवरून परतलेलं असेल, कुणावर काही ओढवलेलं असेल. ते शेवटच्या बाकावर बसलेलं असेल. तुम्ही आपणहून त्याच्याजवळ जा आणि नाव विचारा. मराठीत विचारलंत तरी पुरे.

आणि हे वहीत उतरवून घ्या. पाठ झालं की घरच्यांना चकित करा:

बिर – एक, इकी – दोन, उच – तीन, दोर्त – चार, बेश – पाच, आल्ती – सहा, येदी – सात, सेकिझ – आठ, दोकुझ – नऊ, ओन – दहा.

मेरहाबा – नमस्कार. गुनायदन – सकाळी भेटल्यावर म्हणायचं. तेशेक्क्युर एदेरिम – आभारी आहे. एवेत – हो. हायिर – नाही. आर्कादाश – मित्र किंवा मैत्रीण.

आदन ने? – तुझं नाव काय?

याचं उत्तर द्यायचं झालं, तर आधी म्हणायचं ‘आदम’, म्हणजे माझं नाव, आणि पुढं आपलं नाव सांगायचं. माझी मुलगी तिथं तिचं पूर्ण नाव सांगते, मधल्या नावासकट.